उपाशी आगीचा धूर

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातलं प्रकाशा म्हणजे तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वराचं देऊळ, दक्षिण काशी. याच गावी १९५५ साली पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. तिथं निघालेल्या खापरांत एक प्रकार मोठा विलक्षण आहे. बाहेरून तांबडा, आतून आणि काठाशी काळाकुळकुळीत. रंग फासलेला नाही. माती एकच, भट्टी एकच. मग एकाच भांड्याला दोन रंग आले कुठून?

हवेतून! मातीतल्या लोहाला भाजताना भरपूर हवा मिळाली तर ते तांबडं होतं. हवा तोडली की लोहाचा तांबडेपणा जातो आणि धुरातला कार्बन मातीच्या छिद्रांत जाऊन बसतो. अशी भांडी पालथी घालून भाजत असावेत, असं अभ्यासक मानतात. आतल्या बाजूला काडीकचरा कोंडलेला, तिथं हवा नाही, म्हणून काळं. बाहेर वारा खेळतो, म्हणून लाल. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी तापीकाठच्या कुंभाराला ऑक्सिजन हे नाव ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. पण आग उपाशी ठेवली की काय होतं, हे त्याला पक्कं माहीत होतं.

नेमक्या याच ज्ञानाशी आज एक विजेचं यंत्र झगडतं.

अमेरिकेत घरामागच्या अंगणात इलेक्ट्रिक स्मोकर ठेवतात. कमरेएवढं उंच, जाड आवरणाचं कपाट. तळाशी विजेची कॉइल, तिच्याजवळ लाकडाच्या चिपांचा ट्रे, वर जाळ्यांवर मासे, मांस, चीज. तापमान ठरवून द्यायचं आणि निर्धास्त व्हायचं. उष्णता अगदी चोख मिळते. धूर मात्र लहरी! सुरुवातीला कॉइल लाल होते आणि भसाभस धूर येतो. कपाट तापलं की थर्मोस्टॅट कॉइल बंद करतो, आणि धूर गायब. आवरण जितकं चांगलं तितकी कॉइल जास्त वेळ बंद, म्हणजे यंत्र जितकं उत्तम तितका धूर कमी. अन्नाला हवी बेताची ऊब आणि लाकडाला हवा चांगलाच चटका. एकाच कॉइलने दोघांचं समाधान कसं करावं?

हे समजायचं तर एक आश्चर्य आधी पचवावं लागतं. पेटलेल्या चुलीत जी ज्वाळा दिसते, ती लाकडाची नसते. लाकूड दोनशे अंशांच्या पुढे तापलं की त्याचं विघटन सुरू होतं, त्यातून वायू सुटतात, आणि ते वायू हवेत पेटतात. ती ज्वाळा. हेच वायू न पेटता निसटले तर? तो धूर! म्हणजे धूर हे आगीच्या तोंडून सुटलेलं अन्न आहे. ज्वाळा पोटभर जेवली तर धूर उरत नाही, आणि आग पुरती विझली तर तो निर्माणच होत नाही. या दोहोंच्या मधली अवस्था म्हणजे धुमसणं.

धुमसण्याची शिस्त पाहायची तर देवघरातली उदबत्ती पाहा. तिला कॉइल नाही, थर्मोस्टॅट नाही. तरी तो लाल ठिपका एका चालीने खाली सरकत राहतो. ठिपक्याची उष्णता शेजारच्या कणाला तापवते, तो धूर सोडतो, मागे उरलेला कोळसा हवेशी संयोग पावून पुन्हा उष्णता देतो. आगीचं तापमान पाच-सातशे अंश, आणि चाल मिनिटाला काही मिलिमीटर. ही चाल इतकी भरवशाची की चीन आणि जपानमध्ये शतकानुशतकं तिच्यावर वेळ मोजली गेली. राखेत नागमोडी चर काढायचा, त्यात सुगंधी पूड भरायची, एक टोक पेटवायचं. आग कुठवर पोचली यावरून किती वेळ गेला ते कळायचं.

स्मोकरवाल्यांनी अगदी हीच युक्ती उचलली. जाळीचा एक ट्रे, त्यात चक्रव्यूहासारखी वळणं, आणि वळणांत लाकडाची पेलेट्स. एक टोक पेटवलं की आग रांगत रांगत दहा-अकरा तास चालते.

या पेलेटचंही कौतुक केलंच पाहिजे. सहा-आठ मिलिमीटर जाडीची ती कांडी म्हणजे दाबलेला लाकडाचा भुसा. पण तिला चिकटवलं कोणी? लाकडातच लिग्निन नावाचा पदार्थ असतो. भुसा साच्याच्या भोकांतून जोराने रेटला की घर्षणाने तापतो, लिग्निन मऊ पडतं आणि गार होताना कण पकडून ठेवतं. झाडाला उभं ठेवणारी वस्तूच इथं डिंकाचं काम करते! आणि पुढे धुमसताना हेच लिग्निन फुटून ग्वायकॉल आणि सिरिंगॉल तयार होतात. ज्याला आपण धुराची चव आणि धुराचा वास म्हणतो, तो मुख्यतः यांचा. खानदेशात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, भाजलेल्या वांग्याच्या भरिताची जी ओढ लागते, तिच्यामागेही हाच लिग्निनचा वंश आहे.

मग हा ट्रे स्मोकरच्या आतच का ठेवू नये? ठेवून पाहतात, आणि तो बरेचदा विझतो. आत हवा थोडी, त्यात अन्नातून सुटलेली वाफ. पेलेट ओल पितं, फुगतं, भुसा होऊन जातं. उपाय इतका साधा की हसू यावं: आग घराबाहेर काढा. वेगळी पेटी घ्या, तिला खाली हवेची भोकं पाडा, ट्रे तिच्यात ठेवा आणि नळीने पेटी स्मोकरला जोडा. अमेरिकेत यासाठी पत्र्याची टपालपेटी सर्रास वापरतात. पत्रांऐवजी तिच्यातून धूर जातो.

आणि तो ओढायला पंखा लागत नाही! कपाटातली गरम हवा हलकी, ती वरच्या धुराड्यातून निघून जाते. तिची जागा भरायला नळीतून धूर येतो, आणि धुराची जागा भरायला पेटीत ताजी, कोरडी हवा शिरते. कॉइल चालू-बंद होवो, कपाट गरम आहे तोवर हा ओढा टिकतो. उष्णता कॉइलकडे, धूर पेटीकडे, दोघांचं भांडण मिटलं.

नळीचा फायदा आणखी एक. वाटेत धूर गार होतो आणि त्यातला जड, कडू डांबरासारखा अंश नळीच्या भिंतीला चिकटून राहतो. अन्नापर्यंत पोचतो तो पातळ, निळसर धूर. निळा का? त्याचे कण इतके बारीक की ते निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणजे आकाश निळं दिसतं त्याच कुळातलं कारण. कण मोठे झाले की सगळे रंग सारखेच विखुरतात आणि धूर पांढरा दिसतो. दाट पांढरा लोट सुटला की हवेची भोकं थोडी उघडा. डोळ्यांनीच रसायनशास्त्र वाचता येतं!

आग आणि अन्न यांच्यात अंतर ठेवण्याची कल्पना मात्र टपालपेटीहून फार जुनी आहे. सातपुड्यातल्या घरांत चुलीच्या वर टांगलेली बियाण्याची मक्याची कणसं पाहा. कोरडी ऊब आणि रोजचा धूर त्यांना किडीपासून राखतात. स्पेनमध्ये ला वेरा या भागात मिरचीसाठी असंच आख्खं घर असतं. खाली ओकच्या लाकडाची मंद आग, वर फळ्यांच्या माळ्यावर मिरची, दहा-पंधरा दिवस, आणि रोज हाताने उलथापालथ. तिकडे शरदात पाऊस येतो, ऊन भरवशाचं नाही, म्हणून धूर आला. त्याच देशात मुर्सियाकडे ऊन खणखणीत, तिथं मिरची उन्हातच वाळते.

नंदुरबारचं नशीब मुर्सियासारखं. पथारीवर लालभडक मिरची पसरली की बाकीचं काम सूर्य करतो, आणि अवकाळी पाऊस आला की तिची दैना होते. प्रकाशा परिसरातल्या कोणी हौसेने ओली लाल मिरची पेटीच्या धुरावर वाळवून पाहावी, असं मला मनापासून वाटतं. पेलेट्स मात्र ओळखीच्या, औषध न मारलेल्या लाकडाची हवीत. आंबा चालेल. पऱ्हाटीवर फवारण्या झालेल्या असतात, आणि बॉयलरसाठी विकल्या जाणाऱ्या पेलेट्समध्ये काय काय दळलंय याचा भरवसा नसतो. पेटी कायम उघड्यावरच ठेवावी, कारण धुमसत्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो.

पनीर किंवा चीज धुरवायचं असेल तर कॉइल लावूच नये, आणि हिवाळ्यातली पहाट गाठावी. त्यासाठी कपाटात तिशीच्या आतलं तापमान लागतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच चाळीस उलटतात. धुरवलेलं चीज लगेच खाऊ नका. पहिल्या दिवशी चव नुसती सालीवर असते, तिखट आणि राखट. गुंडाळून काही दिवस फ्रिजमध्ये ठेवलं की ग्वायकॉलचे रेणू एकेक करत आत झिरपतात, आणि तुकड्याच्या मधोमध, जिथं धूर कधी पोचलाच नव्हता, तिथंही त्याची चव लागते.