उसण भरली तर काय करावे?

उसण बहुधा ऐन कामाच्या दिवसांत भरते. वाफसा आलेला असतो, ट्रॉलीतून खताची पोती उतरवायची असतात आणि एखादे पोते उचलताना कमरेत अशी कळ येते की माणूस वाकलेलाच राहतो. कित्येकदा पोतेही निमित्ताला लागत नाही. खाली पडलेला दोर उचलतानाही कंबर धरते. आता आठ दिवस अंथरुणात काढायचे की पेरणीला उभे राहायचे, हा प्रश्न लगेच पुढे येतो.

उसण म्हणजे काय?

आपल्या कमरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये चिवट, लवचिक चकती असते. तिलाच आपण गादी म्हणतो. मागच्या बाजूस स्नायू व बंध मणक्यांना धरून ठेवतात. अचानक ताण आला की यांपैकी काहीतरी दुखावते आणि भोवतालचे स्नायू आखडून कंबर जखडून टाकतात. नेमके काय दुखावले हे बहुतेक वेळा तपासणी करूनही सांगता येत नाही, आणि त्यावाचून उपचार अडत नाहीत.

एवढ्याशा वजनाने असे का व्हावे? पहारीने धोंडा उलथताना आपण पहारीचा लांब भाग हाती धरतो, म्हणून थोड्या जोरात मोठा धोंडा हलतो. कमरेत याच्या उलट घडते. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून साधारण ५ सेंटिमीटरवर असतात, तर हातातली पाटी ४० सेंटिमीटर पुढे असते. त्यामुळे २० किलोची शेणखताची पाटी तोलण्यासाठी स्नायूंना १६० किलोचा ओढा द्यावा लागतो. वाकलेल्या धडाचे वजन त्यात धरलेलेच नाही. तीच पाटी पोटाशी धरली तर हा ओढा निम्म्याच्या आसपास येतो.

उसण भरली की पुष्कळजण एमआरआय काढतात आणि ‘मणक्यात गॅप आला’ असे ऐकून घाबरतात. कंबर कधीही न दुखलेल्या पन्नाशीतल्या बहुतेक माणसांच्या तपासणीतही चकती झिजलेली दिसते. पुढे दिलेली धोक्याची लक्षणे नसतील तर सुरुवातीलाच या तपासणीवर पैसे घालवू नयेत. बहुतेक उसण दोन ते सहा आठवड्यांत पुष्कळशी बरी होते.

पडून राहावे काय?

पूर्वी सक्तीची विश्रांती सांगत असत. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांचे तीन गट करून हे तपासले गेले. एका गटाला दोन दिवस झोपून राहण्यास, दुसऱ्याला कमरेचे व्यायाम करण्यास आणि तिसऱ्याला सोसेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवण्यास सांगितले. तिसरा गट सर्वांत लवकर सुधारला.

म्हणून फार दुखत असेल तर पहिला दिवस, फार तर दोन दिवस पडावे. उताणे झोपून गुडघ्यांखाली उशी किंवा घडी केलेली वाकळ ठेवावी. उठताना आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हातांवर जोर देऊन बसावे. दर तासाला घरातल्या घरात चालावे. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटे शेक द्यावा. पेरणीला उभे राहण्यास हरकत नाही. मात्र पोती उचलणे आणि वाकून करायचे काम दुसऱ्याकडे द्यावे.

वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर आणि थोडे दिवसच घ्यावी. पोटात व्रण, रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ती आपल्या मनाने घेऊ नये. गोळी घेऊन, पाणी कमी पिऊन उन्हात राबणे मूत्रपिंडाला घातक ठरू शकते.

पायाळू माणसाकडून कमरेवर लाथ मारून घेण्याची रीत अजून काही गावांत आहे. उसण मुळात आपोआपच ओसरत असते, त्यामुळे श्रेय लाथेला मिळते. परंतु मणका ठिसूळ असेल किंवा नस दबलेली असेल तर तीच लाथ महागात पडेल. बिब्बा लावल्यानेही कातडी भाजते, फोड येतात, आणि उसण होती तिथेच राहते.

ताबडतोब डॉक्टर गाठावा

लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावर ताबा राहिला नाही, बैठकीची व जांघेची जागा बधिर झाली किंवा पायातला जोर गेला, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जावे. उशीर झाल्यास हे नुकसान कायमचे राहू शकते. झाडावरून पडल्यानंतरची कंबरदुखी, रात्री पडूनही न थांबणारी कळ, घटणारे वजन आणि बारीक ताप यांचीही तपासणी करावी. मणक्याचा क्षय आपल्याकडे दुर्मीळ नाही. गोठ्यातली गाय-म्हैस गाभडली असेल आणि नंतर घरात कोणाला ताप व कंबरदुखी सुरू झाली असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ब्रुसेलोसिस हा रोग जनावरांकडून माणसाला होतो आणि तो कधीकधी कमरेला धरतो.

पुन्हा भरू नये म्हणून

एकदा भरलेली उसण वर्षभरात पुन्हा भरण्याचा संभव बराच असतो. कमरेच्या पट्ट्याने ती टळते असे दिसून आलेले नाही. ओझे हलके करणे हा खरा उपाय. साधा युरिया २०१८ पासून ४५ किलोच्या गोणीत मिळतो, डीएपीची गोणी ५० किलोचीच आहे. दोन्ही दोघांनी उचलाव्यात. सोळा लिटरचा पाठीवरचा पंप भरल्यावर २० किलोच्या वर जातो. तो जमिनीवर न भरता कमरेइतक्या कट्ट्यावर ठेवून भरावा आणि तिथूनच पट्ट्यांत हात घालावेत. ट्रॅक्टरवरून उतरल्याबरोबर वजन उचलू नये. पाच मिनिटे चालावे. झोपेत चकती पाणी शोषून फुगलेली असते, म्हणून पहाटे उठल्या उठल्या वाकून गोठा झाडण्याऐवजी आधी उभ्याने होणारी कामे उरकावीत.

खुरपणी आणि कांदा लागवड ही कामे मुख्यतः स्त्रियांकडे असतात. त्यांची कंबर वर्षभर दुखते आणि तिला कोणी उसणही म्हणत नाही. ट्रॅक्टरच्या अवजारांवर हजारो रुपये घालणाऱ्या घरात लांब दांड्याचे हातकोळपे किंवा सायकल कोळपे नसावे, हे बरे नव्हे. जिथे बसूनच खुरपावे लागते तिथे अर्ध्या-पाऊण तासाने उठून कंबर सरळ करावी.

उसण ओसरल्यावर चालण्याचा नेम ठेवावा. ऑस्ट्रेलियातील ७०१ जणांवरचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. चालणे हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्ध्या तासापर्यंत नेणाऱ्या गटात दुखणे परत येण्यास मध्यमानाने २०८ दिवस लागले, तर इतरांत ११२. बांधावरच्या फेऱ्या यात धरू नयेत. हातात काही न घेता, सरळ रस्त्याने, झपझप चालावे.