पाईप लावून आवळलेला नट

ट्रकचं चाक बदलून झालं की शेवटचा कार्यक्रम ठरलेला असतो. पान्याच्या दांड्यावर लांब पाईप चढवायचा, क्लीनरने त्यावर उभं राहायचं आणि दोन उड्या मारायच्या. पाईप आणखी खाली जाईना की जॅक काढायचा. यातल्या जवळजवळ प्रत्येक हालचालीमागे एकेक गैरसमज आहे.

त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे, नट जितका घट्ट तितकं चाक पक्कं. वास्तविक चाक धरून ठेवतो तो ताण. नट फिरतो तसा आतला स्टड, म्हणजे हबमधून बाहेर आलेला आट्यांचा दांडा, किंचित लांब होतो आणि मूळ लांबीवर यायला धडपडतो. ताणलेल्या रबरबँडने वह्यांचा गठ्ठा धरून ठेवावा, तशी त्या ओढीने रिम हबवर दाबली जाते. या दाबामुळे दोन पृष्ठभागांत जे घर्षण होतं, त्यावर चाक टिकतं.

आकडे पाहिले की गोष्ट स्पष्ट होते. अवजड ट्रकच्या चाकाला बहुधा २२ मिलिमीटरचे दहा स्टड असतात आणि प्रत्येक नटाला साधारण ६०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सांगितलेला असतो. आटे कोरडे असतील तर तेवढ्या टॉर्कने एकेका स्टडमध्ये सुमारे १४ टनांची ओढ तयार होते. पण त्यासाठी स्टड लांब होतो किती? पकडीतली लांबी ५० मिलिमीटर धरली, तर जेमतेम ०.१ मिलिमीटर. सगळा खेळ केसाच्या जाडीएवढ्या या लांबीवर चालतो.

आता त्या पाईपकडे वळू. साठ किलोचा माणूस एक मीटर लांब दांड्याच्या टोकावर नुसता उभा राहिला, तरी जवळपास ६०० न्यूटन-मीटर होतात. म्हणजे काम तिथेच संपलं! पाईप दीड मीटरचा असेल आणि वर उड्याही असतील, तर टॉर्क दुपटीच्या पुढे सहज जातो. अशा स्टडवर बहुधा १०.९ असा आकडा असतो. त्याचा अर्थ, दर चौरस मिलिमीटरला १००० न्यूटनच्या आसपास तो तुटतो आणि त्याच्या ९० टक्क्यांवर कायमचा ताणला जातो. कायमचा ताणलेला स्टड पूर्ववत होत नाही. त्याची मान बारीक होते, आटे खराब होतात. तो लगेच तुटेल असंही नाही, आणि खरी अडचण हीच आहे. तुटतो तेव्हा गाडी भलत्याच घाटात असते.

तुटलेला स्टड दिसला की गॅरेजमध्ये दोन निष्कर्ष निघतात: स्टड हलक्या प्रतीचा होता किंवा नट कमी आवळला होता, म्हणून यापुढे आणखी जोर लावायचा. यातला दुसरा निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे. ताण कमी असला की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात स्टड वाकतो-सरळ होतो आणि थकून तुटतो. त्यामुळे सैल नटही स्टड तोडतो आणि अति आवळलेलाही. दोन्हींवरचा उपाय सांगितलेला टॉर्क, वाढीव जोर नव्हे.

“तेल लावलं तर नट सुटेल” हेही नेहमी ऐकू येतं. हिशेब उलटा आहे. आपण लावलेल्या टॉर्कपैकी साधारण निम्मा नटाच्या बुडाशी घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांत जातो आणि स्टड ताणायला उरतात फक्त दहा टक्के. आट्यांना आणि नटाच्या बुडाला तेल लागून घर्षण कमी झालं, तर त्याच ६०० न्यूटन-मीटरमध्ये १४ टनांऐवजी साडेअठरा टनांची ओढ येऊ शकते. म्हणून आटे कोरडे ठेवायचे की थेंबभर तेल द्यायचं, हे कंपनीच्या पुस्तकात असेल तसंच करावं. रिम आणि हब जिथे एकमेकांना टेकतात तिथे मात्र ग्रीस नकोच.

हवेची गन म्हणजे अचूक काम, हा शहरी गैरसमज. कॉम्प्रेसरचा दाब, नळीची लांबी आणि कारागिराने ट्रिगर किती वेळ दाबून ठेवला, यावर तिचा टॉर्क बदलतो. हाताने फिरवायची गिअरची पेटीही जोर कित्येक पट वाढवते, पण टॉर्क मोजत नाही. अशा साधनांनी नट बसवावा; शेवटचं आवळणं टॉर्क रेंचनेच करावं. ‘टक्’ आवाज आला की थांबायचं. खात्रीसाठी दुसरा-तिसरा टक् करणारे टॉर्क वाढवतच असतात. आणि या रेंचने नट सोडवायचे नाहीत. असल्या वापराने तो बिघडतो आणि मग खोटं सांगतो.

नट सुटू नये म्हणून लावलेल्या स्प्रिंग वॉशरवरचा विश्वास तर श्रद्धेच्या जवळ जातो. गेऱ्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवलं, की जोडलेले भाग आडवे सरकू लागले की नट आपोआप फिरून सुटतो. पुरेसा ताण असेल तर ते सरकतच नाहीत. स्प्रिंग वॉशर मात्र त्याआधीच दबून सपाट झालेला असतो. नासाच्या १९९० च्या फास्टनर पुस्तिकेनेही स्पष्ट म्हटलं आहे, की पूर्ण आवळल्यावर हा वॉशर साध्या चकतीसारखाच असतो.

शेवटचा गैरसमज, एकदा नीट आवळलं की विषय संपला. स्टडची लांबी ०.१ मिलिमीटरच वाढलेली असते हे आठवा. रिम आणि हबमध्ये रंगाचा किंवा गंजाचा ०.०५ मिलिमीटरचा थर असेल आणि तो चालत्या गाडीत चिरडला गेला, तर ढोबळ हिशेबाने निम्मी पकड गेली, नट जराही न फिरता! नटांवरचे पिवळे प्लास्टिकचे बाण अशा वेळी काहीच दाखवत नाहीत. त्यांना फक्त फिरणं कळतं. म्हणून चाक लावण्यापूर्वी दोन्ही पृष्ठभाग ब्रशने स्वच्छ करावेत, नट गोलाकार क्रमाने न आवळता समोरासमोरचे आवळावेत आणि ८० ते १६० किलोमीटर चालवल्यावर सगळे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत. टायरवाल्याने हे सांगितलं नाही, तर पैसे देण्याआधी आपणच त्याला सांगावं: टॉर्क रेंच काढा, आणि गाडीच्या पुस्तकातला आकडा लावा.