हिवाळ्यांतील श्वानसंगोपन

मार्गशीर्ष लागला कीं घरोघर थंडीची तयारी सुरू होते. ट्रंकांतून शाली व कानटोप्या बाहेर निघतात, डिंकाच्या व अळिवाच्या लाडवांचे डबे भरतात, लहान मुलांस तेल चोळून ऊन पाण्यानें न्हाऊं घालण्यांत येतें. या सर्व व्यवस्थेंत दाराशीं राखण करणाऱ्या कुत्र्याची आठवण मात्र क्वचितच होते. आणि झालीच तर जिन्याखालीं एक जुनें गोणपाट टाकण्यापुरती होते.

हा दोष इतरांच्या पदरीं घालण्यापूर्वीं आमचा स्वतःचा अपराध सांगणें उचित होईल. आमच्या नाशिकच्या घरीं लहानथोर मिळून अकरा माणसें आणि मोत्या नांवाचा एक केसाळ कुत्रा आहे. बापाकडून तो पामेरियन व आईकडून गांवठी असावा असा तर्क आहे. दोन वर्षांपूर्वींच्या हिवाळ्यांत गोदाकांठीं गारठा वाढला, पहाटे पारा १० अंशांच्या खालीं जाऊं लागला. तेव्हां 'मुक्या जिवाला अशा थंडींत कशाला बाहेर काढायचें?' असें घरांत एकमतानें ठरलें. त्यास फिरविण्याचें काम आमच्याकडे असे. खरें सांगावयाचें तर ती दया मोत्यापेक्षां आमच्या गुडघ्यांना अधिक सोयीची होती.

सुमारें दीड महिना मोत्या मागील पडवींत सांखळीस बांधलेला राहिला. जेवण नेहमींपेक्षां जास्त, अंगाखालीं जाड गोधडी. मग उणें तें काय, असें आम्हांस वाटे. संक्रांतीच्या दिवशीं आमचा पांच वर्षांचा नातू तिळगूळ घेऊन पडवींत गेला आणि त्यानें प्रेमभरानें मोत्याच्या मानेस मिठी मारली. मोत्या गुरगुरला, आणि पुढच्याच क्षणीं नातवाच्या मनगटावर त्याचे दांत उमटले. जखम लहान होती. तथापि साबण लावून वाहत्या पाण्याखालीं ती १५ मिनिटें धुतली व तडक दवाखान्यांत नेऊन मुलास लस टोंचविली. कुत्र्यास लस दिलेली असली तरी अशा वेळीं डॉक्टरांकडे जाण्यास दिरंगाई करूं नये. इकडे थोरल्या चिरंजीवांनीं मोत्यास काठीचे दोन तडाखे दिले आणि त्याची रवानगी एका आप्तांच्या मळ्यावर करावी असें ठरून गेलें.

परंतु चावलेला कुत्रा १० दिवस नजरेखालीं ठेवावा लागतो, म्हणून ती रवानगी लांबली. तेवढ्यांत धाकट्या सूनबाईंच्या एक गोष्ट ध्यानांत आली. मोत्या पुढचा एक पाय टेंकीत नव्हता, आणि कानाजवळ कोणी हात नेला कीं अंग चोरीत होता. जनावरांच्या डॉक्टरांस बोलावून पाहतों तों कानामागें केसांची घट्ट जट झालेली, तिच्याखालीं कातडी ओली व लाल. आणि पायाच्या आंतल्या बाजूचें नख वाढून, वळून मांसांत रुतलेलें! नातवाचा हात नेमका त्या ठणकत्या जागीं पडला होता. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, याचा स्वभाव बिघडलेला नाहीं, तुमची निगा बिघडली आहे."

महाभारताच्या आदिपर्वांत सरमेच्या पुत्राची कथा आहे. जनमेजयाच्या सत्रांत आलेल्या त्या सारमेयानें हविर्द्रव्यास तोंड लाविलें नव्हतें, तिकडे पाहिलेंही नव्हतें. तरी राजाच्या तिघां भावांनीं त्यास मारिलें. सरमेनें येऊन जाब विचारला तेव्हां कोणासच उत्तर देतां आलें नाहीं. ही कथा आम्हीं वर्गांत कैक वर्षें सांगितली. मोत्यानें दांत लाविला हें खरें. पण कां लाविला, हें विचारण्यापूर्वींच आमच्या घरची काठी उठली होती. कथेचा अर्थ आम्हांस त्या पडवींत उभें राहून कळला.

तेव्हांपासून डॉक्टरांच्या सल्ल्यानें जो क्रम आमच्या घरीं चालू आहे, तो वाचकांच्या उपयोगास यावा म्हणून देतों.

प्रथम केसांविषयीं. थंडींत स्नान कमी व विंचरणें अधिक, हें सूत्र ध्यानांत ठेवावें. पामेरियन, अल्सेशियन आदि कुत्र्यांच्या लांब केसांखालीं मऊ लोंकरीचा दुसरा थर असतो. त्या थरांत हवा कोंडून राहते व तीच त्यांची खरी शाल. जट झाली कीं हवा राहत नाहीं, उलट ओल मात्र राहते. म्हणून केसाळ कुत्र्यास रोज आणि आंखूड केसांच्या कुत्र्यास आठवड्यांतून दोनदां विंचरावें. कानांमागें, कांखेंत व मांड्यांच्या मागें विशेष पाहावें. जट सुटत नसेल तर ओढूं नये, जपून कापावी. पण केस मुळापासून भादरूं नयेत. स्नान घालावयाचें तर भर दुपारीं, कोमट पाण्यानें घालावें आणि अंग पुरतें कोरडें होईपर्यंत कुत्र्यास उन्हांतून हलवूं नये. माणसांचा साबण त्याच्या कातडीस मानवत नाहीं. विंचरतांना गोचीडही शोधावी. घराच्या भिंतींच्या फटींत ती थंडींतही तग धरते.

नखांकडे तर अवश्य पाहावें. चालण्यानें नखें झिजतात. बांधलेल्या कुत्र्याचीं वाढतात. फरशीवर टकटक असा आवाज येऊं लागला कीं नखें वाढलीं असें समजावें. आंतल्या बाजूचें नख जमिनीस टेंकतच नाहीं, त्यामुळें तें आपण होऊन झिजत नाहीं. नख कापतांना आंतील रक्तवाहिनी सांभाळावी. सराव नसेल तर पहिल्यांदां डॉक्टरांकडून शिकून घ्यावें.

दुसरी गोष्ट व्यायामाची. पहाटेच्या गारठ्यांत जाण्याचें कारण नाहीं. ऊन अंगणांत उतरल्यावर एकदां आणि दिवे लागण्यापूर्वीं एकदां, असें अर्धा अर्धा तास फिरवावें. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे आंखडतात. त्यास थोडें थोडें, पण अधिक वेळां चालवावें. धडधाकट केसाळ कुत्र्यास अंगरख्याची गरज नाहीं. आंखूड केसांचा, वृद्ध किंवा पिलूं असेल तर घालावा, मात्र ओला झाल्यास तत्काळ काढावा. निजण्याची जागा उघड्या फरशीवर नसावी. खालीं फळी व वर गोणपाट पुरे. फिरणें चुकलें तर भाकरीचे तुकडे घरांत ठिकठिकाणीं लपवून त्यास हुंगून शोधूं द्यावे. या खेळानें त्याचें मन रमतें व मुलांचीही करमणूक होते. फिरणें कमी आणि जेवण जास्त, ही आमची चूक कोणीं करूं नये. बेदाणे व द्राक्षें कुत्र्याच्या मूत्रपिंडांस घातक ठरूं शकतात. म्हणून बेदाणे घातलेला लाडू लाडानें देखील देऊं नये. कांदा व चॉकलेट हींही त्यास वर्ज्य समजावीं.

तिसरी गोष्ट सहवासाची. आणि तीच आम्ही सर्वांत अधिक विसरतों. दीड महिना एका कोपऱ्यांत राहिलेल्या प्राण्यास संक्रांतीची वर्दळ एकाएकीं कशी सोसावी? म्हणून माणसांत, आवाजांत, इतर कुत्र्यांच्या दृष्टीपथांत त्यास रोज थोडा वेळ न्यावें. पाहुण्यांनीं त्याच्याकडे धांवूं नये, त्यास आपण होऊन जवळ येऊं द्यावें. त्यानें तोंड फिरविलें, ओंठ चाटले किंवा शेपूट पायांत घातलें, तर 'आतां पुरे' असें तो सांगत आहे, हें मुलांस शिकवावें.

पिलांच्या बाबतींत तर हिवाळ्याचें महत्त्व फार. भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना, हें आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. त्यांचा गर्भकाल सुमारें ६३ दिवसांचा. म्हणून गल्लींतील पुष्कळशीं पिलें कार्तिकाच्या सुमारास जन्मतात. स्कॉट व फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं अनेक वर्षें पिलांचें निरीक्षण करून १९६५ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील निष्कर्षाप्रमाणें साधारण तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिलूं ज्यांस ओळखतें त्यांस तें आपलें मानतें. म्हणजे हा काल नेमका मार्गशीर्ष-पौषांत येतो! थंडी म्हणून त्यास टोपलींत झांकून ठेवलें, तर पुढें तें माणसांस बिचकतें. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडूं नये, हें खरें. पण कडेवर घेऊन गल्ली दाखविण्यास, शेजाऱ्यांच्या हातून खाऊ देवविण्यास कोणाची हरकत असावी?

दहा दिवस संपले तेव्हां मोत्याची जखम भरली होती, जट निघाली होती, आणि मळ्याचा विषय पुन्हां कोणीं काढला नाहीं. थोरले चिरंजीव सायंकाळीं त्यास फिरावयास नेऊं लागले. काठीविषयीं ते कांहीं बोलले नाहींत, आम्हींही विचारलें नाहीं. यंदा फणीचें काम नातवाकडे आहे. तो प्रथम हात पुढें करून थांबतो. मोत्यानें नाक लाविलें म्हणजे मगच फणी उचलतो. सकाळचें फिरणें मात्र आमच्याकडेच राहिलें आहे. गुडघे कुरकुरतात, पण ऊन अंगणांत आलें कीं मोत्या दाराशीं येऊन आमच्या वहाणांपाशीं बसतो, आणि निघावेंच लागतें.