अर्ध्या इंचाचा नियम: फ्रँक हॉर्नबी आणि मेकॅनो

भोकं पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, नट-बोल्ट, छोटासा पान्हा. आपल्याकडे 'मेकॅनिक्स' नावाने मिळणारा हा खेळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी खेळला असेल. त्याचा मूळपुरुष लिव्हरपूलचा फ्रँक हॉर्नबी (1863–1936). गडी इंजिनिअर वगैरे नव्हता. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, पुढे मांस आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे कारकुनी.

आपल्या मुलांसाठी तो घरी पत्रा कापून पूल, क्रेन असलं काहीबाही बनवायचा. प्रत्येक खेळण्याचे भाग त्या खेळण्यापुरतेच. नवीन काही करायचं तर पुन्हा पत्रा कापा. 1899 च्या सुमारास त्याने ठरवलं की पट्ट्या सगळ्या अर्धा इंच रुंद, आणि भोकं कुठेही पाहा, अर्ध्या इंचाच्या अंतरावर. एवढंच! पण मग कुठलीही पट्टी कुठल्याही पट्टीला जोडता येते. शिवाय दोन पट्ट्या समोरासमोर धरल्या की भोकांतून दांडा सरळ आरपार जातो, त्यावर चाक बसतं आणि वस्तू फिरायला लागते. माझ्या मते हॉर्नबीचा खरा शोध पट्टी नाही, ते अंतर आहे.

1901 मध्ये पेटंट मिळालं. त्यासाठी पाच पौंड त्याच्या मालकानेच, डेव्हिड एलियटने, उसने दिले आणि नंतर धंद्यात भागीदारीही केली. 1907 मध्ये 'मेकॅनो' हे नाव नोंदवलं, पुढच्या वर्षी कंपनी झाली. विक्रीची युक्तीही त्याच नियमातून आलेली. एक नंबरचा संच घेतलेल्या मुलाला दोन नंबरचा अख्खा संच घ्यायची गरज नाही, मधला छोटा पूरक संच घेतला की झालं. जुने भाग कधी बाद होतच नाहीत. पुढे हॉर्नबी रेल्वे आल्या, डिंकी गाड्या आल्या, 1931 मध्ये साहेब खासदारही झाले. ते सगळं असो.

मला जास्त रस आहे तो 1934 मध्ये मँचेस्टरला जे घडलं त्यात. डग्लस हार्ट्री या भौतिकशास्त्रज्ञाने अमेरिकेत एमआयटीमध्ये व्हॅनेव्हार बुशचं 'डिफरन्शियल अॅनालायझर' पाहिलं होतं. हे समीकरणं सोडवणारं यांत्रिक गणकयंत्र. त्याचं हृदय म्हणजे फिरणारी चकती आणि तिच्यावर टेकलेलं उभं चाक. चाक मध्याजवळ असेल तर हळू फिरतं, कडेला असेल तर भराभर. चकती फिरत असताना चाकाची जागा बदलत ठेवली, तर चाकाचे एकूण फेरे म्हणजेच इंटिग्रल. हे यंत्र करायचं तर खर्च प्रचंड. म्हणून हार्ट्री आणि त्याचा विद्यार्थी आर्थर पोर्टर यांनी आधी बहुतांशी मेकॅनोचे भाग वापरून नमुना केला. खर्च साधारण 20 पौंड, चूक दोनेक टक्के.

दोन टक्के म्हणजे फार नाही बरं का! अणूंच्या रचनेच्या प्रत्यक्ष गणितांसाठी तो नमुना वापरला गेला. 1935 मध्ये मँचेस्टरला पूर्ण आकाराचं यंत्रही उभं राहिलं. मेकॅनोच्या नमुन्याचा काही भाग लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.