डोळ्यांखालचा काळेपणा : डाग की सावली?

माणूस आजारी पडला, दमला किंवा चार रात्री जागला की त्याचे 'डोळे खोल गेले', असे मराठीत सहज म्हटले जाते. या वाक्प्रचारात शरीररचनेचे एक अचूक निरीक्षण दडलेले आहे. डोळ्यांखाली जे काळे दिसते, ते पुष्कळदा त्वचेवर साचलेले काही नसते. तेथे पडलेल्या खळगीची ती सावली असते. ही खळगी आतून भरून काढणाऱ्या 'फिलर' उपचाराची मागणी अलीकडे वाढली आहे. मात्र हा उपचार नेमका कोणासाठी आहे, तो कसा काम करतो आणि त्यात धोका कोठे आहे, याची माहिती जाहिरातींइतक्या वेगाने पसरलेली नाही.

एके काळी असे उपचार मुंबई-पुण्यापुरते मर्यादित होते. आज 'आधी' आणि 'नंतर'ची छायाचित्रे मोबाइलवरून सर्वत्र पोहोचतात. वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातील, पुलगावला लागून असलेल्या नाचणगावातील तरुणीला ती जितकी सहज दिसतात, तितकीच नागपूरच्या तरुणीलाही. परंतु उपचारात काही बिघडले, तर दोघींपासून रुग्णालयाचे अंतर सारखे नसते. या उपचाराचा विचार करताना हे अंतर लक्षात घेणे फार आवश्यक आहे.

खळगी का पडते?

डोळ्यांभोवतीची त्वचा ही शरीरातील सर्वांत पातळ त्वचांपैकी एक असून पापणीवर तिची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. तिच्याखाली डोळा मिटणारा वर्तुळाकार स्नायू असतो आणि त्याखाली नेत्रखोबणीची कडा. नाकाजवळच्या कोपऱ्यातून गालाकडे तिरक्या उतरणाऱ्या रेषेत त्वचा व स्नायू एका बळकट पट्ट्याने हाडाशी बांधलेले असतात. या रेषेला वैद्यकीय भाषेत 'टिअर ट्रफ', म्हणजे अश्रूंची पन्हळ म्हणतात.

वय वाढते तसे गालाच्या वरच्या भागातील चरबी कमी होते व खाली सरकते. खोबणीच्या कडेचे हाडही हळूहळू झिजते. डोळ्याखालची चरबी मात्र पुढे डोकावू लागते. एका बाजूला उंचवटा, दुसऱ्या बाजूला सपाटी आणि मधोमध हाडाला बांधलेली रेषा, अशी रचना तयार झाली की वरून येणारा प्रकाश तेथे सावली पाडतो. काहींमध्ये ही ठेवण आनुवंशिक असल्याने विशीतही खळगी दिसते. वजन झपाट्याने घटले तरी ती उठून दिसू लागते.

काळेपणाचे चार प्रकार

त्वचारोगतज्ज्ञ डोळ्यांखालच्या काळेपणाचे ढोबळमानाने चार प्रकार करतात. पहिला रंगद्रव्याचा : त्वचेत मेलॅनिन वाढल्याने येणारा तपकिरी रंग. भारतीय त्वचेत तो बराच आढळतो. ऊन, डोळे चोळण्याची सवय, ॲलर्जी व आनुवंशिकता ही त्याची प्रमुख कारणे होत. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या विदर्भात उन्हाचा वाटा दुर्लक्षून चालत नाही. दुसरा प्रकार रक्तवाहिन्यांचा : पातळ त्वचेतून खालच्या शिरा व स्नायू दिसल्याने येणारी निळसर-जांभळी छटा. तिसरा रचनेचा, म्हणजे खळगीची सावली. चौथा प्रकार मिश्र असून प्रत्यक्षात तोच पुष्कळांमध्ये दिसतो.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण फिलर फक्त सावलीवर काम करतो. तपकिरी रंग फिलरने जात नाही. निळसर छटा तर पातळ त्वचेखाली फिलर उथळ भरला गेल्यास अधिक गडद होऊ शकते. उलट, सावली कोणत्याही महागड्या मलमाने पुसली जात नाही, कारण तेथे पुसण्यासारखा डाग नसतोच.

प्राथमिक अंदाज घरच्या आरशासमोरही घेता येतो. समोरून चेहऱ्यावर सरळ प्रकाश पडेल असे उभे राहावे. काळेपणा बराच कमी झाला, तर त्यात सावलीचा वाटा मोठा आहे. खालच्या पापणीची त्वचा बोटाने हळूच ताणून पाहावी. रंग तसाच राहिला तर तो बहुधा रंगद्रव्याचा. जांभळी छटा वाढली तर ती पातळ त्वचेतून दिसणाऱ्या शिरांची. अर्थात अंतिम निदान तज्ज्ञाकडूनच व्हायला हवे.

येथे रक्तक्षयाचाही विचार करावा लागतो. रक्तक्षयाने चेहरा फिका पडतो आणि डोळ्यांखालचा रंग अधिक उठून दिसतो. २०१९-२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के महिलांना रक्तक्षय होता. त्यामुळे हजारो रुपयांच्या सिरिंजपूर्वी हिमोग्लोबिनची साधी तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते.

डोळ्यातच सापडलेला पदार्थ

डोळ्यांखाली सहसा वापरला जाणारा फिलर हायल्युरॉनिक ॲसिडचा असतो. १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गाईच्या डोळ्यातील काचेसारख्या द्रवातून हा पदार्थ वेगळा केला. 'हायल्युरॉनिक' या नावातील पहिला भाग काच या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. हा पदार्थ मानवी त्वचेत, सांध्यांत आणि डोळ्यांत मुळातच असतो आणि स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतो.

शुद्ध स्वरूपात टोचल्यास शरीर तो काही दिवसांत विरघळवून टाकते. म्हणून त्याचे धागे रासायनिक दुव्यांनी एकमेकांत गुंफून मऊ जेल तयार केले जाते. अशा फिलरचा वापर युरोपात १९९६ पासून सुरू झाला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पहिली मान्यता डिसेंबर २००३ मध्ये दिली. पण ती चेहऱ्यावरील सुरकुत्यांसाठी होती. डोळ्यांखालच्या खळगीसाठी तेथे पहिली स्वतंत्र मान्यता मिळण्यास २०२२ साल उजाडले. मधल्या काळात डॉक्टर हा वापर स्वतःच्या जबाबदारीवर करीत होते. या जागेबाबत एवढी सावधगिरी का बाळगली गेली, याचे उत्तर तेथील रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात आहे.

उपचार कसा होतो?

बधिर करणारे मलम लावून, त्वचा जंतुरहित करून फिलर हाडालगत खोलवर थोडा थोडा सोडला जातो. त्यासाठी बारीक सुई किंवा बोथट टोकाची लवचिक नळी, म्हणजे कॅन्युला वापरतात. प्रत्येक बाजूस लागणारे प्रमाण अर्धा मिलिलिटर किंवा त्याच्या आसपास असते. काम अर्ध्या तासात होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. सूज व निळे वण सहसा एक-दोन आठवड्यांत ओसरतात. त्यामुळे लग्नाच्या आदल्या आठवड्यात हा उपचार करून घेणे योग्य नव्हे.

परिणाम साधारण वर्षभर टिकतो, असे सांगितले जाते. मात्र एमआरआय तपासण्यांत कित्येक वर्षांनंतरही फिलर जागेवर आढळला आहे. म्हणूनच 'उतरला असेल' असे गृहीत धरून दरवर्षी नवा भर घालणे धोक्याचे ठरते. पाणी धरणारा हा पदार्थ साचत गेला, की डोळ्यांखाली कायमची सूज दिसू लागते. तो उथळ पडला तर प्रकाशाच्या विखुरण्यामुळे त्वचेवर निळसर झाक येते. तिला 'टिंडाल परिणाम' म्हणतात. काळेपणा घालवायला गेलेल्या व्यक्तीच्या वाट्याला अशा वेळी नवा रंग येतो.

ज्यांच्या डोळ्यांखाली आधीच मोठ्या पिशव्या आहेत किंवा सकाळी सूज राहते, त्यांच्यासाठी फिलर बहुधा योग्य नसतो. त्यांना खालच्या पापणीची शस्त्रक्रिया अधिक उपयुक्त ठरू शकते. गर्भवती, स्तनदा माता आणि त्या जागी संसर्ग असलेल्या व्यक्ती यांनी तो टाळावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

दुर्मीळ, पण गंभीर

या उपचारातील खरा धोका रक्तवाहिनीत फिलर शिरण्याचा असतो. नाकाच्या बाजूने व गालावरून जाणाऱ्या धमन्या डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीशी जोडलेल्या असतात. सुईचे टोक धमनीत असताना दट्ट्या जोराने दाबला गेला, तर फिलर प्रवाहाच्या उलट दिशेने मागे रेटला जातो. दाब सुटताच रक्ताबरोबर तो पुढे वाहतो आणि दृष्टिपटलाची धमनी बंद करू शकतो. परिणाम म्हणजे क्षणार्धात अंधत्व.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात जगभरातील वैद्यकीय साहित्यातून अशी ९८ प्रकरणे गोळा करण्यात आली. २०१९ च्या पुढील आढाव्यात आणखी ४८ प्रकरणांची भर पडली. पहिल्या ९८ पैकी जवळपास निम्म्या प्रकरणांत रुग्णाचीच चरबी टोचण्यात आली होती. 'स्वतःच्या शरीरातील पदार्थ म्हणजे सुरक्षित' ही समजूत त्यामुळे खोटी ठरते. सर्वाधिक प्रकरणे भुवयांमधील जागा व नाकाशी निगडित होती. डोळ्यांखालच्या जागेचा वाटा कमी असला तरी शून्य नाही. जगभरात टोचल्या जाणाऱ्या सिरिंजांच्या तुलनेत ही संख्या अत्यल्प आहे. पण गेलेली दृष्टी क्वचितच परत येते.

अंतराचा हिशेब

रक्तपुरवठा थांबल्यावर दृष्टिपटल किती वेळ तग धरते? माकडांवरील जुन्या प्रयोगांच्या आधारे दीड तासाची मर्यादा सांगितली जात असे. अलीकडच्या काही अभ्यासकांच्या मते, धमनी पूर्ण बंद झाल्यास १२ ते १५ मिनिटांतच कायमची हानी सुरू होते. नाचणगावाहून वर्धा सुमारे ३० ते ३५ किलोमीटर. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघे येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्याच दिशेला आहेत. नागपूर तर १०० किलोमीटरच्याही पुढे. म्हणजे सुई टोचणाऱ्या व्यक्तीकडेच पहिल्या काही मिनिटांत करायच्या उपायांची तयारी नसेल, तर जगातील उत्तम रुग्णालयही उशिराच भेटणार.

दुसरा धोका तुलनेने संथ असतो. त्वचेची धमनी बंद झाल्यास वेदना वाढत जातात, त्वचा पांढुरकी पडते आणि मग तिच्यावर जाळीदार जांभळट नक्षी उमटते. ही लक्षणे कधी काही तासांनी उठतात. उपचार दुपारी नागपुरात झालेला असतो आणि रात्री त्रास सुरू होतो तो नाचणगावात. अशा वेळी 'सूज असेल, सकाळी बघू' म्हणून बर्फ लावून झोपणे महागात पडते. वेळीच 'हायल्युरॉनिडेज' हे विकर टोचल्यास फिलर विरघळतो व त्वचा वाचू शकते. हेच औषध मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी डोळा बधिर करतानाही वापरले जात असल्याने नेत्रविभागांना ते अपरिचित नाही. मात्र ते फक्त हायल्युरॉनिक ॲसिडचा फिलर विरघळवते. चरबी किंवा अन्य प्रकारच्या फिलरवर त्याचा उपयोग नाही. डोळ्यांखाली विरघळवता येणारा फिलरच का निवडावा, याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

सुई टोचून घेण्यापूर्वी

उपचार करणारी व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन किंवा नेत्रतज्ज्ञ आहे का आणि तिची वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी आहे का, हे प्रथम पाहावे. ब्युटी पार्लर ही इंजेक्शनची जागा नव्हे. सुईविना दाबाने फिलर सोडणारी 'पेन' नावाची उपकरणे तर मुळीच वापरू नयेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये त्यांच्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिला आहे. सिरिंजचे वेष्टन समोर उघडण्यास सांगावे आणि त्यावरील बॅच क्रमांकाची चिकटपट्टी जपून ठेवावी. हायल्युरॉनिडेज त्याच खोलीत उपलब्ध आहे का, हा प्रश्न विचारण्यात संकोच करू नये. या प्रश्नावर रागावणाऱ्या ठिकाणाहून उठून येणे उत्तम.

बाहेरगावच्या रुग्णाने आणखी दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात. पहिली, रात्रीही लागेल असा डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक. दुसरी, त्या दिवशी लगेच परत न फिरता शहरातच मुक्काम करण्याची सोय. दृष्टी धूसर होणे, डोळ्यात तीव्र वेदना, एकाएकी पापणी लोंबणे किंवा त्वचा पांढुरकी पडणे, यांपैकी काहीही जाणवल्यास क्षणाचाही विलंब करू नये.

आणि या साऱ्याच्या आधी, आपल्या डोळ्यांखाली आहे तो डाग की सावली, हे समजून घ्यावे. डाग असेल तर ऊन टाळणे, सनस्क्रीन, ॲलर्जीवरील उपचार आणि डोळे चोळण्याची सवय सोडणे यांचा उपयोग अधिक होतो. जागरणाने आलेला फिकटपणा विश्रांतीने कमी होतो. केवळ खळगी असेल, ती मनाला खरोखर खुपत असेल आणि वरच्या सर्व प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली असतील, तरच फिलरचा विचार करावा. खळगी ही ठेवण आहे, आजार नव्हे. ती न भरल्याने कोणाचे काही बिघडत नाही. घाईने भरल्याने मात्र बिघडू शकते.