'गीत' : लोकव्यवहारातील आणि कायद्यातील

लोकव्यवहारात 'गीत' ही एक वस्तू. भारतीय प्रताधिकार कायद्यात मात्र ती तीन कृतींत विभागली जाते. शब्द ही वाङ्मयीन कृती, चाल ही सांगीतिक कृती व ध्वनिमुद्रण ही तिसरी. प्रत्येकीचा हक्क स्वतंत्र. आजऱ्यातील एखाद्या उपाहारगृहात गीताची ध्वनिमुद्रिका लावल्यास या तिन्हींच्या अनुज्ञप्तीचा प्रश्न उद्भवतो. तीच लग्नाच्या वरातीत वाजविल्यास कलम ५२ अन्वये हक्कभंग होत नाही.

व्याख्येतील शब्द येथे निर्णायक ठरतात. १९५७ च्या अधिनियमातील मूळ व्याख्येनुसार सांगीतिक कृती मुद्रित, लिखित अथवा अन्य प्रकारे आलेखबद्ध असणे आवश्यक होते. साहजिकच, स्वरलिपीत न उतरलेली चाल संरक्षणाबाहेर राहिली. १९९४ च्या दुरुस्तीने ही अट काढली आणि गायक-वादकांसही पृथक् हक्क दिला. चित्रपटगीतांपुरते पाहता, १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, विरुद्ध करार नसल्यास, मोबदला देऊन करवून घेतलेल्या संगीताचे प्रथम स्वामित्व निर्मात्याकडे मानले होते. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरील उपयोगाच्या स्वामित्वधनात गीतकार व संगीतकार यांस समान वाटा दिला.

तथापि, या सर्व व्यवस्थेत स्वामित्वधन पोहोचण्यासाठी कोणी हक्कधारक असावा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या जात्यावरील ओवीचा कर्ता कोण, हे सांगता येत नाही. म्हणून तिच्या शब्दांचे व चालीचे स्वामित्वधन कोणासच पोहोचत नाही.