उघड्यावरची रात्र शरीरावर काय करते?

सोयाबीनची रास होऊन माल बाजारात गेला, की सेनगाव तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाताला फारसे काम उरत नाही. विहिरीला पाणी असले तर हरभरा, नसले तर बाहेरगाव. कोणी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जाते, कोणी थेट पुणे-मुंबई गाठते. शहरात मजूर अड्ड्यावर काम मिळते. खोली मिळत नाही, कारण तिथे आधी डिपॉझिट मोजावे लागते. मग पुलाखाली किंवा बंद शटरपुढे पथारी पडते. २०१६च्या दुष्काळात मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे घाटकोपरच्या मैदानात पाल टाकून राहिली होती. गावात त्यांची घरे होती, पण शहराच्या लेखी ती बेघर!

२०११च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार, तर महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार बेघर नोंदले गेले. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री झाली. आज इथे, उद्या तिथे झोपणारा माणूस अशा मोजणीत सापडेलच असे नाही.

उघड्यावर पहिली चोरी होते ती झोपेची. वाहनांचा आवाज, दिव्यांचा उजेड, डास, उशाखालची पिशवी जाईल ही भीती आणि मध्यरात्री कोणी उठवेल ही धास्ती. गाढ झोपेत एरवी रक्तदाब खाली उतरतो. झोप तुटत राहिली की तो पुरेसा उतरत नाही आणि ताणाशी संबंधित कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकांचे चक्र बिघडते. हे महिनोन् महिने चालले तर उच्च रक्तदाब, मधुमेह, नैराश्य यांचा धोका वाढतो. दिवसभर सिमेंटची पाटी वाहणाऱ्याला ‘थकलाय, कुठेही झोपेल’ असे म्हणणे सोपे असते. पडून राहणे आणि झोपणे यांत फरक आहे.

बाईचा त्रास आणखी वेगळा. रात्री शौचालयाला जावे लागू नये म्हणून ती संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही. लघवी तासन् तास रोखली जाते, जळजळ सुरू होते, संसर्ग वर सरकला तर मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. औषधाने हा आजार बरा होतो; पण पाणी न पिण्याची सवय सुटत नाही, कारण सवयीमागची भीती तशीच असते.

क्षयरोगाचे औषध साधारणपणे सहा महिने, एकही दिवस न चुकता घ्यावे लागते. मुक्काम हलला, पिशवी हरवली, की उपचार तुटतो आणि जंतू औषधाला दाद देईनासा होण्याची भीती असते. इन्सुलिन घेणाऱ्याने ते थंड ठेवायचे कुठे?

काही जण मात्र कामासाठी आलेलेच नसतात. स्किझोफ्रेनिया बहुधा ऐन तारुण्यात डोके वर काढतो. घरचे अंगारे-धुपारे करत बसतात आणि एक दिवस मुलगा मिळेल त्या गाडीत बसून निघून जातो. मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ पासून अशा रस्त्यावरच्या रुग्णांना उचलून आणून उपचार केले. त्यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था कर्जतजवळ काम करते. २०१८ मध्ये डॉ. भरत यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अनुभव असा, की काही आठवड्यांच्या औषधानंतर अनेकांना आपल्या गावाचे नाव आठवते.

दर लाख शहरी लोकसंख्येमागे किमान १०० जणांसाठी कायमचा निवारा असावा, असे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सांगत होते. तो कामाच्या ठिकाणापासून लांब असला, तर पहाटे अड्ड्यावर पोहोचू पाहणारा मजूर तिथे जात नाही, हे नियोजनात विसरले जाते.

घरातील कोणी विचित्र बोलू लागले, झोप उडाली, माणूस भटकू लागला, तर १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. माणूस निघून गेला असेल तर पोलीस ठाण्यात लगेच तक्रार द्यावी. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार पोलिसांनी संरक्षणात घेतलेल्या रुग्णाला २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यावे लागते. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, आणि तो बेघर असेल तर त्याच्या घरच्यांचा शोध घेणे हे ठाणेदाराचे कर्तव्य ठरते.